उणे २४ मधली सकाळ

आज कॅनडातल्या मॅनिटोबात उणे २४ अंश सेल्सिअस. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या इंजिनावर गोधडीसारखं जाड पांघरूण टाकून तासभर आत गरम हवा सोडली. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचं सांगणं आहे, उणे १२ च्या खाली बहुतेक इंजिनं तापवल्याशिवाय सुरू करू नका. मला वाटायचं, सगळा त्रास घट्ट तेलाचाच. पण अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, थंडीत आतल्या पोलादी क्रँकशाफ्टपेक्षा (फिरणाऱ्या मुख्य दांड्यापेक्षा) जास्त आकसतो, आणि बेअरिंगमधली फट फार अरुंद होते. हे कळल्यापासून घाई करवत नाही.

सरांनी ब्रीदर नळीचं, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड बोटाने चाचपलं. ते बर्फाने बुजलं तर आत दाब वाढून क्रँकशाफ्टचं सील निसटतं.

इंजिन लागलं. तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत मी श्वास रोखून होते. हलला!