तीन चाकं चकाकली, चौथं काळं

गेल्या पावसाळ्यात कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना पुढचं डावं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आपटलं. टायर फुटला नाही, म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. पंक्चरवाल्याने चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून दाखवलं नि म्हणाला, "भाऊ, चाक गोल नही शे आते, अंडं व्हई गयं."

गाडी सेकंडहँड घेतलेली. चारही चाकं अलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, नि डायमंड कट, म्हणजे दर्शनी भाग लेथवर तासून चकचकीत केलेला, खाचांत काळा रंग, वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप. कडा फुटपाथला घासून खरचटलेल्या. लॅकरखाली अळ्या सरपटत गेल्यासारख्या पांढऱ्या रेघा. लॅकरला चीर पडली की पाणी आत शिरतं आणि खालचं उघडं अ‍ॅल्युमिनियम खात सुटतं. म्हटलं, बेंड काढायचाच आहे तर चारही चमकवून घेऊ.

एकजण म्हणाला, गॅसने तापवून ठोकून देतो, तासाभरात. तिथून चाक उचलून आणलं ते बरं केलं. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी. अ‍ॅल्युमिनियम तसं काही सांगत नाही. शुद्ध असेल तर ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि चाकाचा मिश्रधातू त्याच्या खूप आधीच कारखान्यात दिलेली ताकद गमावून बसतं.

शेवटी जळगावातल्या एका वर्कशॉपमध्ये चारही चाकं दिली. टायर, व्हॉल्व्ह, वजनं उतरवली, केमिकलने जुना रंग काढला. मग डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावून बेंड कुठे नि किती ते पाहिलं आणि हायड्रॉलिक प्रेसने हळूहळू दाबत आणलं. चीर आहे का हे बघायला चिरेत शिरणारं लाल रंगाचं द्रव, पेनिट्रंट, लावून पुसलं, वर ते शोषून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. चीर असती तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. मिस्त्री म्हणाले, "कडेला खड्डा असेल तर आर्गन वेल्डिंग मारून भरता येतो. आऱ्याला चीर असती तर मी हातच लावला नसता." मला वाटलं होतं, हे रंगकाम आहे.

काळा रंग भट्टीत पक्का झाल्यावर चाक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर चढलं. आधी प्रोबने, म्हणजे मोजणीच्या टोकाने, त्याचा आकार मोजून घेतला, मग टूल फिरलं. निघालेला कीस चांदीच्या झिरमिळ्यांसारखा. जेमतेम अर्धा मिलिमीटरही उतरला नसेल, पण काळ्यातून लख्ख धातू वर आला. मी मोबाइल काढेपर्यंत संपलंसुद्धा.

चौथ्या चाकाशी मिस्त्री थांबले. जाडी मोजायच्या कॅलिपरने बाकी तिघांशी ताडून म्हणाले, "हे आधी एकदा तासलंय. आरे पातळ पडलेत, परत तासणार नाही." आधीच्या मालकाने हे काही सांगितलं नव्हतं. मी थोडा हट्ट धरला, त्यांनी ऐकलं नाही. ते चाक पूर्ण काळं करून घेतलं.

लॅकर भट्टीतून निघाल्यावर टायर, बॅलन्सिंग. वजनं दर्शनी बाजूला ठोकायची नाहीत, आतून चिकटवायची. ठोकली तर तिथेच लॅकर फुटतं. शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, नट पुन्हा तपासले. आता धुताना अ‍ॅसिडवालं क्लीनर बंद, साधा शाम्पू.

काळं चाक मागे उजवीकडे आहे. गाडी लावताना ती बाजू भिंतीकडे ठेवतो.