उद्याची गाडी

रविवार, रात्री

आज गाझातल्या शस्त्रसंधीचे जुने तपशील काढून बसलो. मालवाहतुकीत इतकी वर्षं घालवल्यावर ट्रकचा आकडा नुसता वाचून पुढे जाता येत नाही. १९ जानेवारी २०२५ पासून रोज ६०० ट्रक आत जायचे ठरले होते, त्यांतले ५० इंधनाचे. बातम्यांनी ६०० धरून ठेवले. माझी नजर मात्र ५० वर अडकली. डिझेल नाही तर पाण्याचा पंप बंद, इस्पितळाचा जनरेटर बंद, बेकरीची भट्टी थंड. आणि पीठ आलं तरी ते वस्त्यांपर्यंत न्यायला गाडी नाही.

इजिप्तकडून निघालेला ट्रक काही थेट वस्तीत जात नाही. केरेम शालोमला, म्हणजे इस्रायल-गाझा सीमेवरच्या नाक्यावर, माल उतरवायचा, तपासणी व्हायची, मग आतून आलेल्या दुसऱ्या गाडीत चढवायचा. सीमा ओलांडलेला माल आणि कुणाच्या तरी हाती पडलेला माल यांत किती अंतर असतं, ते पोचपावतीसाठी रात्र काढलेल्या माणसाला विचारा. त्यात २७ जानेवारीला उत्तरेचा रस्ता उघडला आणि दक्षिणेत विस्थापित झालेले लाखो लोक चालत आपापल्या घरांकडे, म्हणजे बहुतेक ढिगाऱ्यांकडे, निघाले. ज्या छावणीच्या हिशेबाने वाटप ठरवायचं, ती छावणीच उठून गेली!

पण मी खरा रेंगाळलो तो लुटालुटीच्या मजकुरावर. आधी ताफे वाटेतच लुटले जात. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच ताफ्यातले शंभराच्या आसपास ट्रक गेले. शस्त्रसंधी लागू झाली आणि हे प्रकार झपाट्याने कमी झाले, असं संयुक्त राष्ट्रांचे अधिकारीच सांगत होते. बंदोबस्त वाढला असेल, ते आहेच. पण उद्याही गाडी येणार अशी खात्री पटली की पोत्यावर तुटून पडायची गरज उरत नाही. आणि बाजारात पीठ उतरलं की चोरीच्या पोत्याला कोण विचारतो? दयामाया बाजूला ठेवा, नुसता व्यवहार बघितला तरी हे पटतं.

करारातला पहिला टप्पा संपला, पुढचं जमेना, आणि २ मार्चला इस्रायलने मदतीची वाट बंद केली. १८ मार्चला हल्ले पुन्हा सुरू झाले. मार्चअखेर संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या आधाराने चालणाऱ्या २५ च्या २५ बेकऱ्या बंद पडल्या. २५ एप्रिलला त्या संस्थेने सांगून टाकलं की गाझातला आपला साठा संपला.

मला राग येतो तो इथे. मदतीच्या मालाला वाट द्यायची कलमं १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात आहेत, आणि ती लिहिली आहेत युद्ध चालू असतानासाठी. तीच मदत शस्त्रसंधीच्या अटींत बसवली की बोलणी फिसकटताच पीठही अडतं. मग त्या उद्याच्या खात्रीचं काय?

१० ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा शस्त्रसंधी झाली. मदत किमान जानेवारीच्या कराराइतकी असावी, असं त्या योजनेत लिहिलं आहे. लिहिलं ते बरंच झालं. पण मी यापुढे रोजचे ट्रक मोजत बसणार नाही. आतल्या गोदामांत किती आठवड्यांचं पीठ शिल्लक आहे, ते आधी शोधीन.