करंगळी-अनामिकेची ट्रिल: कापसाच्या हंगामातली नोंद

पियानोवर ट्रिल म्हणजे शेजारचे दोन स्वर आलटून पालटून भराभर वाजवणं. बोटांचे आकडे अंगठ्यापासून, अंगठा १ आणि करंगळी ५. माझ्या उजव्या हाताची ४-५ ची ट्रिल आता मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र) ७२ वर, ठोक्याला चार स्वर, न अडखळता चालते. ३-४ ची ८८ पर्यंत जाते. २-३ ची कधीपासूनच पळते, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पट्टीच्या वादकांपुढे हे आकडे लहानच, पण दसऱ्याच्या सुमारास ४-५ ला ५० वरच मनगट आखडायचं. त्यामुळे मला याचं फार अप्रूप आहे.

एवढ्या महिन्यांत एक गोष्ट मला पक्की पटली. या दोन बोटांना जोर चढवायचा नसतो, त्यांच्या आजूबाजूचा ताण उतरवायचा असतो. विश्वास बसत नसेल तर आत्ता करून बघा. टेबलावर तळहात पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून तळहाताखाली घ्या आणि अनामिका उचला. उचलतच नाही. करंगळी मात्र सहज उठते. बोट सरळ करणारा स्वतःचा एक जादा स्नायू तर्जनीला असतो, तसाच करंगळीलाही असतो. मधलं बोट आणि अनामिका दोघांचं भागतं ते सामाईक स्नायूवर. त्यात अनामिकेचा कंडरा हाताच्या पाठीवर शेजारच्या कंडरांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो. तिला एकटीला उंच उचलायला लावणं म्हणजे दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्याला पळ म्हणणं. हे दावं सरावाने तुटत नाही, आणि तोडायला जाऊही नये. जर्मन संगीतकार शुमानच्या उजव्या हाताच्या बोटाने १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच साथ सोडली आणि मैफिलीचा पियानोवादक व्हायचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. बोटाच्या सरावासाठी वापरलेल्या यंत्रामुळे हे झालं असं बरेच जण मानतात. कारण काहीही असो, बोटांवर जबरदस्ती करावीशी वाटली की मला तो आठवतो.

म्हणून हॅनॉन या फ्रेंच शिक्षकाच्या बोटांच्या व्यायामांच्या १८७३ च्या संग्रहातला ४६ वा व्यायाम, जो ट्रिलचाच आहे, तो मी घेते, पण बोटं उंच उचलायची त्याची सूचना बाजूला ठेवून. माझी बोटं पट्टीला चिकटलेली असतात. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते, तेवढ्यासाठी वरून झेप कशाला घ्यायची? पुढचं काम कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताचं. तो किंचित करंगळीकडे कलतो, किंचित अंगठ्याकडे परततो. सुरुवातीला ठोक्याला दोनच स्वर घेऊन हे फिरणं डोळ्यांना दिसेल इतकं मोठं करायचं. वेग वाढेल तसं ते आपोआप लहान होत जातं आणि शेवटी दिसेनासं होतं, पण आत चालू असतं. ३-५ वर ते सगळ्यात लवकर कळतं, कारण बोटांमध्ये अंतर जास्त. मी आधी ३-५ वर दोन-चार मिनिटं घालवते आणि तोच हात तसाच ४-५ वर नेते.

दुसरी युक्ती थांबण्याची. पाच स्वर वाजवायचे, पाचव्यावर थांबायचं, पट्टी दाबलेलीच ठेवायची आणि अंगठा बघायचा. तो हवेत ताठ उभा असेल तर ट्रिल कानाला कितीही छान वाटो, ती पुढे टिकणार नाही. अंगठा सैल होईपर्यंत थांबायचं, मग पुढचे पाच. मग सात, मग नऊ. जोर आलटून पालटून द्यायचा, एकदा खालच्या स्वरावर, एकदा वरच्या. वरच्या स्वरावर जोर देताना करंगळी चपटी पडते, तेव्हा तिचं शेवटचं पेर वाकलेलं राहतंय ना, तेवढं बघावं लागतं. हाताच्या वरच्या अंगाला, कोपराच्या खाली, जळजळ सुरू झाली की झाकण बंद. यात मी तडजोड करत नाही.

आमच्या घरात पेटी आधीपासून आहे. बाबा गावातल्या भजनी मंडळात वाजवतात, तुकडोजी महाराजांची भजनं त्यांच्या बोटांतच आहेत. पेटीवरून पियानोवर आलेल्यांना एक फरक लवकर ध्यानात घ्यावा लागतो. पेटीचा सूर भात्यातल्या हवेवर चालतो, पट्टी हळू दाबा की झटक्यात, आवाज तोच. तिथे कमजोर बोट फक्त लयीत मागे पडतं. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो, त्यामुळे तेच बोट लयीत तर उघडं पडतंच, आवाजातही पडतं. पेटीवरची माझी करंगळी तर जवळपास बसूनच असायची. एकदा सराव ऐकता ऐकता बाबा म्हणाले, "पोरी, दाबतं तं चांगलं, पन सोडतं कायले इतक्या उशिरा वं?" त्यांनी पियानोला कधी हात लावलेला नाही, पण कान पेटीवर तयार झालेला. त्यांचं बरोबर होतं. अनामिका खाली जायची वेळेवर, वर यायची रेंगाळत, आणि दोन स्वर एकमेकांवर चढायचे. तेव्हापासून मी पट्टी सुटण्याचा क्षण ऐकते.

यात वाद्याचाही वाटा आहे. माझ्याकडे यामाहाचा पी-४५ हा डिजिटल पियानो आहे. त्याची पट्टी पुन्हा वाजायला बरीच वर यावी लागते, अर्ध्यातून परत दाबली तर स्वर गायब. ग्रँड पियानोत एरार या पियानो बनवणाऱ्याने १८२१ मध्ये आणलेल्या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर न येताही हातोडी पुन्हा मारते, साध्या अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, ती सोय नसते. तेव्हा डिजिटलवर किंवा अपराइटवर ट्रिल अडकत असेल तर सगळा दोष बोटाच्या माथी मारू नका.

मार्गशीर्षात वेचणी जोरात होती, सुटीच्या दिवशी मीही वावरात होते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी, कापूस ओढताना ती नेमकी नखाच्या कडेला लागतात. संध्याकाळी पट्टीवर बोट टेकवलं की चुरचुरायचं. त्या आठवड्यांत मी वेगाला हातच लावला नाही. कोमट पाण्यात हात, खोबरेल तेल, आणि ठोक्याला दोन स्वर, तेही अगदी हलक्या आवाजात. गंमत म्हणजे ३-४ मधला समतोल त्याच काळात सुधारला. हलक्या आवाजात कुठलंच बोट लपून राहत नाही. लाइट गेली की पियानो बंद, तेव्हा टेबलावर नुसतं हात फिरवायचं काम करते. तेही उपयोगी पडतं.

आता प्रत्यक्ष रचनेत. बाखचं डी मायनरमधलं चौथं इन्व्हेन्शन (दोन हातांच्या दोन स्वतंत्र ओळींची छोटी रचना) घेतलंय. १९ व्या बारपासून (बार म्हणजे तालाचा एक कप्पा) उजव्या हातात लांब ट्रिल, खाली डावा हात सोळांशात, म्हणजे छोट्या जलद स्वरांत, धावतो, आणि २९ व्या बारपासून तेच काम डाव्या हाताकडे. उजवीकडे १-३ घेतलं तर सोपं जातं, वाजवून दाखवायचं असेल तेव्हा मी तेच घेते. सरावात मात्र मुद्दाम ३-४. वरच्या स्वरापासून सुरू करते आणि डाव्या हाताच्या एका स्वराला ट्रिलचे दोन, असा हिशेब बांधून घेतलाय. डावा हात ऐकत राहिलं की उजवा आपसूक सैल होतो, उजव्याकडे लक्ष गेलं की अंगठा पुन्हा ताठ.

डाव्या हाताची ४-५ अजून ५६ वर आहे. पेटी वाजवताना तो हात कायम भात्यावर, बोटांना वेगळं काम कधी मिळालंच नाही. तूर निघेपर्यंत त्याला फक्त ३-५ आणि पाच स्वरांचे गट द्यायचे ठरवलंय. पेटीवरून आलेल्या कुणी डाव्या हातासाठी वेगळी वाट काढली असेल तर मला ती जरूर ऐकायची आहे.