तव्यावरचे मसाल्याचे इंग्लिश मफिन

दसऱ्याचे सोने लुटून झाले की बेळगावची हवा एकाच दिवसात दोन तऱ्हांनी वागू लागते. दुपारचे ऊन अंग भाजून काढते, पण दिवेलागणीनंतर खिडक्या लावून घ्याव्याशा वाटतात आणि पहाटे पारा विसाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर वसले असल्याचा हा परिणाम आहे, आणि स्वयंपाकघरात तो सर्वांत आधी आंबवणाच्या पातेल्यात कळतो. मे महिन्यात झोपण्याआधीच उतू जाऊ पाहणारे डोशाचे पीठ आता सकाळपर्यंत सावकाश फुगते आणि त्याला आंबट वास न येता गोडसर वास येतो.

इंग्लिश मफिन करायला वर्षातले हेच दिवस चांगले, असे माझे मत आहे. कागदी वाटीत भाजलेल्या, केकसारख्या गोड मफिनशी या पदार्थाचा संबंध नाही. हा यीस्टने फुगवलेला, चपटा आणि गोल पाव असतो, आणि तो भट्टीत न भाजता तव्यावर भाजतात. ओव्हन नाही म्हणून घरी पाव करत नाही असे सांगणाऱ्या खानापूर-निपाणीकडच्या मैत्रिणींना मी नेहमी हाच पदार्थ सुचवते, कारण ज्या घरात रोज जोंधळ्याच्या भाकरीसाठी तवा तापतो त्या घरात याची निम्मी तयारी आधीच झालेली असते.

इंग्लंडमध्येही हा पाव तव्याचाच. 1747 साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या हॅना ग्लास यांच्या पाकपुस्तकात मफिन लोखंडी पत्र्यावर भाजायला सांगितले आहेत, आणि त्यांना सुरी लावू नये, हातानेच उकलावेत, नाहीतर ते शिशासारखे जड होतील, असेही बजावले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर डोक्यावर पाटी घेतलेले मफिनवाले घंटा वाजवत हिंडत असत. 1874 साली सॅम्युअल बाथ थॉमस नावाचा इंग्रज न्यूयॉर्कला गेला, 1880 साली त्याने तिथे स्वतःची बेकरी काढली, आणि अमेरिकेच्या न्याहारीत या पावाची जागा पक्की झाली. आमच्या बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, इंग्रजी फौज इतकी वर्षे राहिली, तिच्यामागे बेकऱ्या राहिल्या, बटर-टोस्ट-नानकटाई राहिली. हा पाव मात्र तिथल्या फळीवर माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. म्हणून तो घरी करणे आले.

मसाल्यांच्या बाबतीत मी तिकडच्या कृती जशाच्या तशा उचलत नाही. इंग्लंड-अमेरिकेत शरद ऋतू आला की दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग यांचे मिश्रण भोपळ्यापासून सफरचंदापर्यंत सगळ्यांत पडते, कारण तिथे तो गारठ्याकडे झुकणारा ऋतू असतो. आपल्याकडे आश्विन-कार्तिकातला शरद म्हणजे आयुर्वेदाच्या हिशेबाने पित्त खवळण्याचा काळ. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच वेळी खलातला मसाला पाहून हटकले होते, "शरदात पित्त वर येतं, आणि तू हे सगळं उष्ण एकदम घालालीस होय गं?" मी म्हटले, "आई, चमचाभरच आहे, आणि वर लोणी लावणारच आहे की." लोण्याचा उल्लेख झाल्यावर त्यांचा विरोध मावळला, पण त्यांच्या शंकेला पावाच्या बाजूनेही एक आधार आहे. दालचिनीतील तेल यीस्टची वाढ रोखते आणि लवंगेचेही तसेच आहे. हौसेने मसाला दुप्पट केला तर पीठ रात्रभर ठेवूनही सुस्त पडून राहते. तेव्हा वैद्यकाच्या दृष्टीने जे प्रमाण बरे, तेच पावाच्या दृष्टीनेही बरे.

चारशे ग्रॅम पिठाला मी चहाचा एक सपाट चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा सुंठ, दोन लवंगा आणि चार मिरे एवढेच घेते. बाजारात दालचिनी म्हणून बहुधा जाड, कडक, तांबूस सालीचे तुकडे मिळतात. त्यांची चव झणझणीत असते आणि पुलावाला ती शोभते. पावासाठी पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली, बोटांनी सहज चुरडणारी दालचिनी शोधावी. ती महाग पडते, पण लागते थोडीच. जायफळ आणि वेलची मी मुद्दाम टाळते. हा हट्ट म्हणा हवे तर, पण त्या दोघींचा वास एकत्र आला की आपल्या जिभेला पुरणपोळीची अपेक्षा निर्माण होते आणि मग समोर आलेला पाव कितीही चांगला असला तरी फसवणूक झाल्यासारखे वाटते. मिरे मात्र सोडू नयेत. गुळाच्या गोडीला ते मागून हलकासा चटका देतात.

पिठात तीनशे ग्रॅम मैदा आणि शंभर ग्रॅम कणीक असते. नुसत्या मैद्याचा पाव मऊ होतो, पण त्याला चव कमी. कणीक याहून वाढवली तर छिद्रे बारीक होतात. तीस ग्रॅम गूळ नव्वद मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा आणि पूर्ण निवू द्यावा, मगच तो सव्वादोनशे मिलिलिटर थंड दुधात मिसळावा. तापलेल्या दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याची भीती असते, हे गुळाचा चहा करणाऱ्याला सांगायला नको. या दुधात पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ, मसाला आणि पीठ घालून कालवावे, आणि शेवटी दोन चमचे वितळलेले लोणी घालावे. पाव चमचा यीस्ट वाचून पुष्कळांना छपाईची चूक वाटते. दोन तासांत पीठ फुगवायचे असेल तर यीस्ट जास्त लागते, पण आपल्या हाताशी अख्खी थंड रात्र आहे, आणि सावकाश फुगलेल्या पिठाला जी चव येते ती घाईच्या पिठाला येत नाही.

हे पीठ पोळीच्या कणकेसारखे घट्ट मुळीच नसावे. ते हाताला चिकटते, परातीला चिकटते आणि नवख्या माणसाला त्यात आणखी मूठभर मैदा घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण भाजलेल्या मफिनच्या आत जी वेडीवाकडी छिद्रे हवी असतात ती या पातळपणातूनच येतात. मळण्याऐवजी ओल्या हाताने पिठाची कड उचलून मधोमध दुमडावी, पातेले फिरवत चारही बाजूंनी असे करावे, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने दोन-तीनदा हेच करावे. शेवटच्या वेळी पीठ तुकतुकीत दिसते आणि उचलले तर तुटत नाही. मग झाकण ठेवून ते ओट्यावरच रात्रभर राहू द्यावे.

सकाळी पीठ दुप्पट झालेले असते आणि पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात. परातीत बारीक रवा भरपूर पसरून त्यावर पीठ हलकेच उलटावे, वरूनही रवा भुरभुरावा आणि हाताने थापून साधारण दोन सेंटिमीटर जाडीचे करावे. तिकडे यासाठी मक्याचा जाडसर रवा वापरतात. आपला उपम्याचा रवा त्याच कामाला उत्तम येतो, कारण तो पीठ तव्याला चिकटू देत नाही आणि तळाला कुरकुरीतपणा देतो. धारदार काठाच्या वाटीने गोल पाडावेत, वाटी सरळ खाली दाबावी, फिरवू नये. फिरवली की कडा मिटतात आणि मफिन एका अंगाला कलतो. कडेच्या तुकड्यांना एकत्र करून आणखी एक-दोन होतात, ते ओबडधोबड दिसतात, पण मुले नेमके तेच आधी उचलतात. पाऊण तास त्यांना तसेच विसावू द्यावे.

खरे कसब यापुढे आहे. बिडाचा जाड तवा मंद आचेवर निदान दहा मिनिटे तापू द्यावा. भाकरीला जी आच लागते ती इथे अजिबात चालत नाही. भाकरी पातळ असते, तिला धगीचा फटका हवा असतो. मफिन जाड असतो आणि उष्णता त्याच्या पोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आच मोठी असली तर दोन मिनिटांत तळ काळा पडतो आणि आत कच्चे पीठ राहते. तव्यावर चिमूटभर रवा टाकून पाहावा. तो मिनिटाभरात बदामी झाला तर आच बरोबर आहे, लगेच काळवंडला तर तवा उतरवून थोडा निवू द्यावा. गॅस पुरेसा बारीक होत नसेल तर पुलावाला दम देताना करतो तसा खाली दुसरा जुना तवा ठेवावा.

मफिन दोन्ही हातांनी अलगद उचलून तव्यावर ठेवला की पहिली दोन-तीन मिनिटे काहीच होत नाही. मग त्याच्या कडा वर सरकू लागतात, माथा घुमटासारखा फुगतो आणि दालचिनीचा वास माजघरापर्यंत जातो. सात-आठ मिनिटांनी उलथण्याने उलटावा. घुमट वजनाने बसतो आणि दोन्ही बाजूंना सपाट, तांबूस टिकल्या व मधे पांढरा पट्टा असा त्याचा ओळखीचा आकार तयार होतो. झाकण ठेवण्याची सूचना काहीजण करतात, पण मला ती पटत नाही, कारण कोंडलेल्या वाफेने वरचा रवा ओला होतो आणि साल सुरकुतते. दुसरी बाजूही तितकाच वेळ भाजावी. पांढऱ्या पट्ट्यावर बोटाने दाबले असता तो परत वर आला म्हणजे मफिन झाला. पुढचा घाणा टाकण्याआधी तव्यावरचा जळका रवा कोरड्या फडक्याने पुसून टाकायला विसरू नये. त्याचा कडवटपणा सगळ्या घाण्याला लागतो.

चारशे ग्रॅम पिठाचे नऊ-दहा होतात. ते तव्यावरून उतरताच फोडू नयेत, कारण आतली वाफ अजून काम करत असते. वीस मिनिटांनी काट्याचे टोक कडेने गोल टोचत जावे आणि मग दोन्ही हातांनी उकलावा. सुरीने कापला तर आतला भाग गुळगुळीत होतो, काट्याने उकलला तर खड्डे आणि कंगोरे राहतात. तेच मग तव्यावर पुन्हा जरासे भाजले की कुरकुरीत होतात आणि लोणी त्यांत मुरते. घरच्या ताकावरचे पांढरे लोणी आणि वर काकवीची धार, हे माझ्या मते याचे सर्वांत चांगले लावणे आहे. चिकोडी-रायबागकडे दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू होतात आणि ताजी काकवी याच दिवसांत हाती येते. आमच्या घरात त्यावर कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, पसरून खाणारेही एकजण आहेत. बेळगावात राहून कुंद्याविरुद्ध बोलण्यात शहाणपण नाही, म्हणून मी गप्प बसते.

उरलेले मफिन डब्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगले राहतात. त्याहून अधिक ठेवायचे असतील तर उकलून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि तसेच थेट तव्यावर टाकावेत. फराळाचे डबे भरले की पावाला कोणी विचारत नाही, तेव्हा दिवाळीचा आठवडा सोडून द्यावा. तुळशीच्या लग्नानंतर थंडी वाढली की हेच पीठ सकाळपर्यंत पुरते फुगत नाही. तेव्हा यीस्ट पाव चमच्याचे अर्धा चमचा करावे आणि पातेले टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवावे. सुंठही त्या दिवसांत थोडी सढळ हाताने घालायला हरकत नाही, अगदी सासूबाईंचीसुद्धा.