गंटर्सव्हिलच्या पेट्रोल पंपावर

“बक्षिसाचा चेक मिळाला तर घरी जायचं पेट्रोल निघेल,” बास नावाचे मासे गळाने पकडायच्या स्पर्धांत उतरणारा तो पोरगा म्हणाला. अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावाजवळचा पंप. आधी ट्रक भरला, मग मागच्या बोटीची टाकी. उशी-पांघरूण ट्रकच्या मागच्या सीटवरच.

त्याला बासमास्टर एलीट सिरीजपर्यंत, म्हणजे या मासेमारीतल्या अव्वल स्पर्धांच्या मालिकेपर्यंत पोचायचंय. तिथली एका हंगामाची प्रवेश फीच ४०,००० डॉलरच्या वर! २५० हॉर्सपॉवरची नवी बास बोट लाखभर डॉलरच्या घरात. इंधन, मुक्काम, गळ-आमिषं वेगळीच. तिथली एक स्पर्धा जिंकली तर १,००,००० डॉलर, पण ते एकालाच.

टीव्हीवर दिसतात ते अंगभर प्रायोजक मिरवणारे. याच्या शर्टावर एकच नाव होतं, गावातल्या टायरच्या दुकानाचं.

मला फार लागलं ते. हात चांगला आहे, पण खिसा रिकामा, अशी किती पोरं धक्क्यावरूनच परत जात असतील?