खाऱ्या हवेत टिकणारा क्रॉलर

टेबलावरच्या युद्धखेळातल्या २८ मिमीच्या छोट्या सैनिकांसाठी क्रॉलर, म्हणजे रणगाड्यासारखं पट्ट्यावर चालणारं मोठं वाहन, घरी बांधायचं तर फोमबोर्ड आणि पुठ्ठा वापरा, हा नेहमीचा सल्ला. रत्नागिरी-मालवणच्या हवेत तो चालत नाही. कागदाचा थर पहिल्याच पावसाळ्यात ओल धरतो, कडा सुटतात आणि सरळ भिंतीला पोट येतं. इथे सांगाडा सनबोर्डचाच हवा, म्हणजे बोर्ड-बॅनरवाल्यांकडचा पीव्हीसीचा. अंगाला, म्हणजे वाहनाच्या मुख्य खोक्याला, ५ मिमी, वरच्या चिलखती पट्ट्यांना ३ मिमी. त्यांच्याकडे उरलेले तुकडे असतातच, विचारून घ्यावेत.

माप सैनिकाच्या बेसपासून, म्हणजे पायाखालच्या गोल चकतीपासून काढायचं. ३२ मिमीचे दोन बेस शेजारी उतरायचे तर मागचा दरवाजा ७० मिमी रुंद, ४५ मिमी उंच हवा. त्यावरून अंग ४२० मिमी लांब, २०० मिमी रुंद येतं. यापेक्षा मोठं वाहन सहा बाय चार फुटांच्या टेबलावर वळत नाही, नुसतं अडून बसतं. बाहेरून २०० मिमी हवं असेल तर तळ १९० मिमीचाच कापायचा, कारण दोन बाजूच्या भिंतींची जाडी १० मिमी खाते. हे विसरलं की छप्पर कुठेच बसत नाही. कापताना १८ मिमीचा कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन तीन हलके हात मारायचे. एकाच जोरात कापायला गेलं की पातं तिरकं जातं आणि कड उतरती होते. आत दर ८ ते १० सेंमीवर आडवी भिंत घालावीच, नाहीतर छतावर हात ठेवला की ते दबतं.

सनबोर्डला फेविकॉल नको. त्यातलं पाणी शोषलं जायला जागाच नसते, मग जोड दिवसेंदिवस ओला राहतो. फेविक्विक किंवा प्लंबरचं पीव्हीसी सोल्युशन वापरा. फेविक्विक दमट हवेत झटकन धरतं, म्हणून तुकडा आधी कोरडा बसवून बघायचा. शिवाय जोडाभोवती पांढरी वाफ बसते, ती रंगाआधी घासून काढावी. फटी एम-सीलने भरायच्या. पॉलिशपेपर पाणी लावून चालवा, म्हणजे पीव्हीसीची धूळ नाकात जात नाही.

चाकांसाठी बाटलीची झाकणं हाताशी येतात, पण त्या प्लास्टिकवर गोंदही धरत नाही आणि रंगही. ६३ मिमी पाइपाच्या २० मिमी जाड चकत्या कापाव्यात. पाइपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळली की करवत सरळ चालते. एका बाजूला सहा चाकं म्हणजे ३७८ मिमी, अंगात आरामात बसतात. चाकांभोवतीच्या पट्ट्याचा पूर्ण वेढा साधारण ८३० मिमी होतो. १० मिमी अंतराने पट्ट्याची एकेक कडी लावली तर एका बाजूला ८३ तुकडे. वरचा भाग स्कर्टने, म्हणजे बाजूने चाकांवर उतरणाऱ्या पत्र्याने झाकणार असाल तर ५०-५२ पुरतात. कड्या कॅनव्हासच्या पट्टीवर रबर सोल्युशनने चिकटवा. रेक्झिन वापरू नका, त्यातलं मऊ करणारं द्रव्य बाहेर येतं आणि रंग कायम चिकट राहतो.

मागच्या रॅम्पचा नमुना दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर बघावा: बिजागरी खाली, ओढणाऱ्या तारा दोन्ही कोपऱ्यांना. रिव्हेटसाठी मोहरी वापरतात, पण इथे तिला बुरशी येते. नेल आर्टचे २ मिमी अर्धगोल मोती घ्या. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसच लावा. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज रंगातून वर येतो.

गुळगुळीत सनबोर्ड ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून साबणाने धुतल्याशिवाय प्रायमर मारू नका. जून ते सप्टेंबर स्प्रे बंदच ठेवावा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो. तेव्हा ब्रशने अॅक्रिलिक प्रायमर लावा, दोन पातळ हात. स्प्रे डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी मारावा. मॅट वार्निशलाही हेच.

रंगाने गंज दाखवायचा तर तो कुठे येतो ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर नीट पाहा. सगळीकडे नसतो. बोल्टखालून ओघळतो, पाणी साचतं त्या कोपऱ्यात जाड होतो, दोर घासतो तिथे धातू उघडा पडतो. मलिन करायला जांभ्याची धूळ उत्तम: तव्यावर कोरडी भाजून सुती कापडातून चाळायची, चाकांवर आणि स्कर्टच्या खालच्या कडेला ब्रशने टेकवायची, मग मॅट वार्निशने धरून ठेवायची. वार्निश लागलं की ती गडद होते, म्हणून आधी तुकड्यावर रंग तपासा.

छतावरचा तोफेचा बुरुज चुंबकावर बसवला तर प्रवासात सुटा ठेवता येतो. चिकटवण्याआधी दोन्ही चुंबकांच्या भिडणाऱ्या बाजूंवर मार्करने खूण करा, आणि नंतर वार्निशचा एक थर द्या, खाऱ्या हवेत निकेलचा मुलामा फुटतो. मे महिन्यात मॉडेल बंद गाडीच्या काचेमागे ठेवू नका. पीव्हीसी उन्हाने मऊ पडून लांबच्या भिंती वाकतात.