प्रतुनामची भवानी

बँकॉकला चाललोय असं ऑफिसात सांगितलं की समोरचा आधी डोळा मारतो. मग आपण म्हणायचं, आईला घेऊन चाललोय, की त्याचं तोंड एवढंसं होतं. मला तर एकाने बाजूला घेऊन विचारलं, "मग तिथे करणार काय?" मी म्हणलं शॉपिंग. तो म्हणाला, "हां, म्हणजे बायकोपण आहे."

बायकोपण होती. 2024 चा जानेवारी, भारतीयांना थायलंडने व्हिसा माफ केला होता, तो नसता केला तर आम्ही महाबळेश्वरलाच गेलो असतो, खरं सांगतो. आई 68 ची, गुडघे कुरकुरतात पण बाजार दिसला की कुरकुर बंद.

पहिली चूक माझी. हॉटेल घेतलं सुखुमवित रस्त्याच्या सोई चारमध्ये, सोई म्हणजे गल्ली. स्कायट्रेनचं स्टेशन पाच मिनिटांवर, इंडियन खाणावळी चालत जाण्यासारख्या, भाडं कमी, आणि एरियाचं नाव नाना. नाव बघून घरचंच वाटलं हो. रिव्ह्यूमध्ये सगळे लिहीत होते की एरिया फार लाइव्हली आहे, तेव्हाच कळायला हवं होतं. संध्याकाळी सात वाजता आईला वरणभात शोधायला घेऊन खाली उतरलो तर समोर तीन मजले भरून नुसते बार, गुलाबी-निळे दिवे, स्टुलांवर बसलेल्या पोरी आणि त्यांच्या पुढ्यात माझ्या वडिलांच्या वयाचे गोरे. शेजारी हिरव्या पानाची पाटी असलेलं चकचकीत दुकान, आई म्हणाली, "हे आयुर्वेदिक दिसतंय." ते गांजाचं दुकान होतं. 2022 पासून तिथे अशी दुकानं गल्लोगल्ली झाली होती. मी म्हणलं हो, आयुर्वेदिकच, चल.

पण ती चालेना. एका बारच्या कोपऱ्यात खांबावर छोटंसं देऊळ होतं, आपल्या देव्हाऱ्याएवढं, आणि त्याच्यापुढे एक मुलगी, तोकडा चमचमता ड्रेस, उंच टाचांच्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या, हात जोडून डोळे मिटून उभी. उदबत्ती पेटलेली, झेंडूची माळ, आणि नैवेद्याला लाल फँटाची उघडलेली बाटली, तिच्यात स्ट्रॉ. वाट तिच्या आणि देवळाच्या मधूनच जात होती. आई थांबून राहिली, देव आणि माणसाच्या मधून जाऊ नये म्हणून, आणि तिच्यामागे आम्ही, आणि आमच्यामागे चारपाच वैतागलेले टुरिस्ट. मुलीचं झालं, चपला घातल्या, आईकडे बघून हसली आणि आत गेली. आईने एवढंच विचारलं, "देवाला स्ट्रॉ कशाला?"

मी सांगितलं, हा जागेचा देव, घर बांधलं की त्याला असं छोटं घर बांधून द्यायचं, त्याला लाल सरबत आवडतं म्हणतात. आई म्हणाली, "म्हणजे राखणदार." सासरची माणसं कोकणातली असल्याचा फायदा. त्यानंतर पाच दिवस आम्ही रोज रात्री त्या पोरींच्या समोरून जायचो, आईने एकदाही नाक मुरडलं नाही. मीच मान खाली घालून जायचो.

भाषेचं म्हणाल तर आनंद. तिकडच्या बायका प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदरार्थी 'खा' लावतात. सवातदी खा, खोप खुन खा. सवातदी म्हणजे मुळात आपलं स्वस्ति, हे मी मोठ्या ऐटीत आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते असू दे, या सारख्या खा खा म्हणतात आणि हातात काही देत नाहीत." पैसा म्हणजे बाट, तो आईच्या तोंडी भात झाला तो शेवटपर्यंत. "हे किती भाताला?" तेव्हा एका बाटला साधारण अडीच रुपये पडत होते, म्हणजे भात महागच.

बघायचं ते बघितलं. ग्रँड पॅलेसला गर्दीत अक्षरशः ढकलले गेलो, पण तिथल्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रं, आणि त्यातला मारुती पांढराशुभ्र, आईला तो फारच आवडला. वाट म्हणजे देऊळ, तर वाट फोला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आणि त्याच्या पाठीमागे ओळीने 108 काशाची वाडगी, सुट्टी नाणी विकत घ्यायची आणि प्रत्येकात एकेक टाकत जायचं, टिण टिण टिण. आईची माळ ओढायची सवय, तिने मोजत टाकली, शेवटी दोन नाणी कमी पडली तर माझ्याकडून घेतली, एकशेसहावर सोडायची तिची तयारी नव्हती. शनिवारी चतुचक बाजार. पंधरा हजारांवर दुकानं आहेत म्हणतात, मी साधारण तीनशे बघितली आणि घड्याळाच्या मनोऱ्याखाली घामाघूम होऊन बायकोची वाट बघत बसलो. तिथे कुत्र्यांचे कपडे, सिरॅमिकचे वाडगे, जुन्या जीन्स, नारळाचं आइस्क्रीम सगळं आहे, फक्त बसायला जागा नाही. रविवार कुठे गेला आठवत नाही.

टुकटुकचं सांगायलाच पाहिजे, लाज वाटली तरी. निघण्याआधी मी घरी सगळ्यांना लेक्चर दिलं होतं की पॅलेसच्या बाहेर लोक सांगतात 'आज पॅलेस बंद', त्यांचं ऐकायचं नाही, ते दुकानात नेतात. आणि तिसऱ्या दिवशी एकाने मला 'आज वाट अरुण दुपारपर्यंत बंद' म्हणून सांगितलं. पॅलेस म्हणाला असता तर मी ओळखलं असतं हो! चाळीस बाटमध्ये तासभर फिरवतो म्हणाला आणि फिरवलंही, एका देवळात, मग एका रत्नांच्या दुकानात, मग एका शिंप्याकडे. रत्नांमधून बायकोने ओढून बाहेर काढलं. शिंप्याकडे एसी होता, थंड पाणी दिलं, 'सर सर' केलं, आणि मी साडेचार हजार बाटचा सूट शिवायला टाकला. एका शब्दाने कमी करा म्हणालो नाही, कारण भाव करणं बरं दिसत नाही. तो सूट आत्ता कपाटात आहे. खांद्यात घट्ट आणि पोटावर सैल, म्हणजे माप दुसऱ्या कुणाचंतरी घेतलं असावं.

हे सगळं सांगितलं कारण प्रतुनाम.

प्रतुनाम म्हणजे पाण्याचं दार, कालव्यावरचं. त्याच्या आजूबाजूला कपड्यांचा होलसेल बाजार भरतो. वातानुकूलित मॉलपण आहेत तिथे, पण आईला कोणीतरी सांगितलं होतं की खरा माल सकाळी रस्त्यावर असतो. एके दिवशी भल्या सकाळी आम्ही सेनसेप कालव्याच्या बोटीने निघालो. ही बोट एकदा तरी करा, किंवा करू नका, मला ठरवता येत नाही. पाणी काळं, वास येतो, बोट धक्क्याला नीट थांबतच नाही, आपण उडी मारायची. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं फाडतो. समोरून दुसरी बोट आली की काठावर बसलेल्यांनी दोरी ओढून निळा प्लास्टिकचा पडदा वर करायचा, नाहीतर कालवा अंगावर. आईच्या हातात दोरी आली. तिने ती अशा काही जबाबदारीने ओढली की उतरताना मागच्या बाईने तिला नमस्कार केला.

बाजार नुकताच मांडत होते. एका निळ्या छत्रीखाली पन्नाशीची एक गोल चेहऱ्याची बाई हत्तींच्या चित्रांच्या पँटी टांगत होती, त्या सगळे फॉरेनर घालतात त्या ढगळ. कमरेला पैशाचा बटवा, गळ्यात दोरीने मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर. आईने तीन पँटी बाजूला काढल्या, दोन भाच्यांना, एक स्वतःला (घरात घालायला, असं तीनदा सांगितलं). बाईने कॅल्क्युलेटरवर 180 दाबून दाखवलं. आईने तो तिच्या हातातून घेतला.

आता हे समजून घ्या की चार दिवस आई मुकी होती. घरी वॉचमनपासून डॉक्टरपर्यंत कोणाशीही अर्धा तास बोलणारी बाई, इथे माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसायची. पण वीस वर्षं ती भिशीचा हिशेब ठेवतेय, कॅल्क्युलेटर तिला कोणी शिकवायला नको. तिने आकडा पुसायचं एसी बटण दाबलं, 60 लिहिलं आणि परत दिला. बाईने आकडा बघून छातीवर हात ठेवला. एसी. 170. आईने पँटीचं कापड उलटं करून शिवण दाखवली, एक धागा ओढून दाखवला. 70. बाईने तोच धागा कात्रीने कापला आणि भुवया उडवल्या. 160. आई तीन बोटं दाखवते, तीन घेतेय मी, बाई तिच्या मागच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवते, तीनशे विकायच्यात मला. मग आईने माझ्याकडे हात करून काहीतरी हावभाव केले, बहुतेक 'हा एकच मुलगा, कमावत नाही' अशा अर्थाचे, कारण बाईने माझ्याकडे फार वाईट नजरेने बघितलं. मी दहा पावलं लांब जाऊन मोबाइल बघत उभा राहिलो. वीसवीस बाटसाठी चाललेलं हे, म्हणजे पन्नास रुपये, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बायको मात्र जागची हलली नाही, म्हणाली, "शिकून घेऊ दे मला."

शेवटी तीन नग 300 ला. दोघी लालबुंद, दोघी खूश. आईने शंभराच्या तीन नोटा दिल्या आणि त्या बाईने त्या बटव्यात टाकल्याच नाहीत. नोटांची घडी करून ती टांगलेल्या कपड्यांवरून टप टप टप आपटत गेली, पँटी, टीशर्ट, गठ्ठे, अगदी छत्रीच्या दांड्यालासुद्धा, तोंडाने काहीतरी पुटपुटत.

आई जागेवर थिजली. "अगं बाई," म्हणाली, "भवानी होती तिची!"

माझे आजोबा, आईचे वडील, सातारकडच्या आठवडी बाजारांत खण-लुगडी घेऊन बसायचे, दुकान म्हणजे एक ताडपत्री. पहिलं गिऱ्हाईक झालं की ती नोट डोळ्यांना लावायची, मालावर टेकवायची, आणि हे काम लहानपणी आईचं असायचं. भवानीच्या गिऱ्हाइकाने फार ताणायचं नसतं आणि दुकानदाराने त्याला रिकामं पाठवायचं नसतं, हे तिच्या रक्तातच. आणि तिने त्या बाईला 180 वरून 100 वर आणलं होतं. "तू सांगायचं नाहीस का रे पहिलं गिऱ्हाईक आहे आपण?" म्हणजे चूक माझीच. "भवानीला एवढं घासायचं म्हणजे... दिवसभर तिचा धंदा असाच होईल आता."

मग ती परत गेली. पर्समधून वीसची हिरवी नोट काढली आणि बाईपुढे धरली. बाईला वाटलं अजून काहीतरी पाहिजे, तिने केसांचे रबर दाखवले. नको. आईने कॅल्क्युलेटर घेऊन 20 दाबलं. बाईचा चेहरा बदलला. तिला वाटलं सौदा झाल्यावर ही अजून वीस कमी करून मागतेय! "मै दाय, मै दाय," नाही जमणार. आई नोट पुढे करतेय, बाई हात हलवतेय, शेजारचे दोन दुकानदार येऊन उभे राहिले. तेव्हा मी एवढ्या वेळाने पुढे झालो आणि मोबाइलच्या ट्रान्सलेटरमध्ये मराठीत टाइप केलं, "तुमची भवानी होती, आईला वीस बाट परत द्यायचे आहेत." स्क्रीन तिच्यापुढे धरली. त्या यंत्राने भवानीचं काय केलं देव जाणे, आणि 'आईला परत द्यायचे' याचा अर्थ त्याने काय लावला तेही लगेच कळलं. बाईने वाचलं. शेजारच्याला वाचून दाखवलं. एक मोठा सुस्कारा सोडला, बटव्यातून वीसची नोट काढली, आईच्या हातात कोंबली आणि हात जोडून आम्हाला निरोप दिला. तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, ती तिकडे वळली.

आई हातात दोन वीसच्या नोटा घेऊन उभी.

परत जाऊ म्हणाली, बायको म्हणाली आई आता नको, अजून वीस देईल ती. त्या दिवशी आईने काहीच घेतलं नाही. दुपारी मी मोठ्या हौसेने मँगो स्टिकी राइस आणला, तर "नारळीभातावर आंबा चिरलाय" म्हणाली आणि अर्धा ठेवून दिला.

परत येताना सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचा तो मोठा देखावा लागतो, देव-दानव, वासुकी, मंदार पर्वत सगळं. लोक फोटो काढत होते. मी उरलेले बाट संपवायला चॉकलेटं घेत होतो आणि वीस कमी पडले. म्हणलं आई, ती नोट दे. नाही म्हणाली. "माझी घे. तिची नाही." आणि पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन लावली.

ती नोट अजून तिथेच आहे. बँकॉकला कोणी जाणार असं कानावर आलं की आई त्याला गाठते, नोट पुढे करते आणि सांगते, बोटीतून उतरायचं, डाव्या हाताला बाजार, निळी छत्री, गोल चेहऱ्याची बाई, सकाळी लवकर जायचं पण सगळ्यात पहिलं जायचं नाही. गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाला पकडलं. तो चार मित्रांबरोबर चाललाय. सगळं ऐकून घेतलं त्याने, मान हलवली, मग माझ्याकडे बघून डोळा मारला आणि आईला म्हणाला, "मावशी, आम्ही पटायाला चाललोय गं, सकाळी लवकर उठायचं जमेल असं वाटत नाही."